एक आठवडा पुढे

मधल्या सुट्टीत बिरादार सर ऑफिसात यायचे आणि खुर्ची ओढायच्या आधी विचारायचे, "मॅडम, आज काही इंग्रजी आलंय का?"

इंग्रजी म्हणजे काहीही. शिक्षण खात्याचं पत्र, बँकेचा मेल, प्रिंटरच्या शाईच्या खोक्यावरची सूचना, कुरिअरवाल्याने दाराच्या कडीत अडकवलेली चिठ्ठी. मी कागद पुढे सरकवला की ते खिशातलं लाल बॉलपेन काढत आणि वाचता वाचता मधूनमधून गोल करत. लांबलचक, अवघड शब्दांच्या वाटेला ते जात नसत. त्यांचे गोल असायचे अप, डाउन, ऑफ, आउट, ओव्हर असल्या चिमूटभर शब्दांभोवती. 'फिल इन', 'हँड ओव्हर', 'रन आउट', 'टर्न डाउन'. एकदा आवक पत्रावरचे लाल गोल बघून मुख्याध्यापक माझ्यावर चिडले. तेव्हापासून मी सरांसाठी वेगळी झेरॉक्स काढून ठेवू लागले.

सेलूच्या शाळेत मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा सरांनी पन्नाशी ओलांडली होती. आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवायचे. मूळचे पोखर्णीचे, सेलूत दोन खोल्यांत बायकोसोबत, आमच्या काकूंसोबत, राहायचे. अंगाने वाळके, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. सकाळी ते ठळक असत आणि दुपारच्या घामाने हळूहळू पुसून जात. आवाज असा, की दिवसभराचं बोलणं आधीच संपवून आलेत. "दमलो मॅडम," हे वाक्य ते सकाळी आणि संध्याकाळी एकाच सुरात म्हणत. आमच्या शाळेतले निम्मे मास्तर परभणीहून रेल्वेने अप-डाउन करायचे. त्यावर सर म्हणायचे, "आपला सगळा स्टाफ दोनच इंग्रजी शब्दांवर चाललाय, आणि तेच पोरांना कुणी शिकवंना."

त्यांची खंत तीच होती. पोरं कर्तरी-कर्मणी करतात, निबंध पाठ करतात, दहावीला मार्कही पाडतात. पण घरी एक साधा इंग्रजी कागद आला की बापासमोर मुकी होतात. "पुस्तकात 'टॉलरेट' असतंय मॅडम, आणि कागदावर 'पुट अप विथ' असतंय. पुस्तकात 'पोस्टपोन' अन् मोबाईलवर 'पुट ऑफ'. रोजचं लिहिणारा माणूस सोपे शब्द वापरतो आणि तेच आपल्याला अवघड जातात. काय करावं?" मी ऑनलाइन माहिती भरत बसलेली असे. पोर्टल मधेच बंद पडे आणि भरलेलं सगळं पुसलं जाई. आम्ही दोघंही आपापल्या कामाने थकलेलो होतो. त्यामुळे असेल कदाचित, पण त्यांचं ऑफिसात येऊन बसणं मला कधी जड झालं नाही.

त्यांचा वर्ग ऑफिसला लागून होता. भिंतीपलीकडून ऐकू यायचं. एकदा ते विचारत होते, "म्हशीनं पेंड खाल्ली, आणि म्हशीनं पेंड खाऊन टाकली. ह्यात फरक काय?" मग एक मुलगी म्हणाली, "खाऊन टाकली म्हणजे आता घमेल्यात काही उरलं न्हाई, सर."

"बस. 'ईट' म्हणजे खाणं, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणं. तुमच्या आईला हे येतंय, तुमच्या आजीला येतंय. तिला फक्त इंग्रजी येत न्हाई."

पुढे मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. "पण दरवेळी इतकं सोपं नसतंय. 'पुट' म्हणजे ठेवणं, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सोबत. तिन्ही जोडून निघालं सहन करणं. सुटे अर्थ जोडत बसू नका. फसाल." हे 'फसाल' ते इतक्या गंभीरपणे म्हणत की मला भिंतीच्या अलीकडे हसू येई.

गावातली माणसंही त्यांच्याकडे कागद घेऊन येत. एक म्हातारा दवाखान्याचा कागद घेऊन आला होता, सोबत त्याची बायको. कागदावर मिठासाठी 'कट डाउन' लिहिलेलं आणि तंबाखूसाठी 'गिव्ह अप'. सरांनी सांगितलं, मीठ कमी करा, तंबाखू सोडून द्या. म्हाताऱ्याने बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलं आणि अजिजीने विचारलं, "सर, ह्या दोन्हीचा मतलब एकच धरता येत न्हाई का?" त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. सर हसले नाहीत. म्हणाले, "न्हाई बाबा. मी धरला तरी तुमचं शरीर धरणार न्हाई."

पण हे सांगायच्या आधी त्यांनी माझ्या कपाटावरचा जाड शब्दकोश काढला होता. 'गिव्ह अप' पाहिलं, 'कट डाउन' पाहिलं, बोट ठेवून दोनदा वाचलं. हे नेहमीचंच होतं. तीस वर्षं शिकवलेला शब्द असला तरी ते म्हणत, "थांबा, बघून सांगतो." समोरचा माणूस ताटकळायचा, कंटाळायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, की सर, हे तर मलाही येतं, तुम्ही कशाला पाहत बसता?

ते शब्दकोश मिटून म्हणाले, "एकदा न बघता सांगितलं होतं." आणि घंटा व्हायला वेळ असूनही वर्गावर निघून गेले.

त्याचा उलगडा त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी झाला. जूनमधले प्रवेशाचे दिवस होते. ऑफिसात गर्दी, पंखा गरम वारा फेकत होता. तिशीची एक बाई मुलीला पाचवीत घालायला आली होती. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, नुकतेच जिंतूरकडून सेलूत राहायला आलेले. अर्ज तिने स्वतः भरला, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मी कौतुकाने विचारलं, की शिक्षण कुठवर झालंय? बारावी सायन्स, म्हणाली. माहेर देवगाव फाटा. मी म्हटलं, म्हणजे आमच्याच शाळेची का? ती हो म्हणाली आणि माझ्या शेजारी बसलेल्या सरांकडे पाहून तिने नमस्कार केला. "ओळखलं का सर? मी रेखा."

सरांनी मान हलवली. काहीतरी पुटपुटले आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, उन्हाने गरगरलं असेल. रेखा मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला दुसऱ्या दिवशी आणते म्हणून गेली. शाळा सुटल्यावर सर परत आले, माझ्यासमोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. रेखाच्या वडिलांचं, मारुतीरावांचं, देवगाव फाट्यावर टायर पंक्चरचं दुकान. दोन मुली, रेखा थोरली. बारावीनंतर तिने पुण्याच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेच्या कामाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. राहायची सोय, शिकायची सोय आणि पुढे तिथेच नोकरी. मुलाखत महिन्याच्या वीस तारखेला होती. ती अभ्यास करत होती. मग एक दिवस मेल आला. मेलमध्ये नवी तारीख नव्हती, एवढंच होतं की मुलाखत एका आठवड्याने 'ब्रॉट फॉरवर्ड' केली आहे. तिला खात्री वाटेना म्हणून तिने फाट्यावरून सरांना फोन केला आणि ते वाक्य वाचून दाखवलं. सर त्या वेळी पेपर तपासत होते. एक हात गठ्ठ्यावर, एका हातात फोन.

"'फॉरवर्ड' म्हणजे पुढं. 'ब्रॉट' म्हणजे आणली," सर मला सांगत होते. "आपल्याकडं लग्न पुढं गेलं म्हणजे काय? उशिरा. मी तसंच धरलं. म्हटलं, एक आठवडा पुढं गेली गं, निवांत अभ्यास कर. फोन ठेवला अन् पुढचा पेपर घेतला."

इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ उलटा होता. मुलाखत एक आठवडा अलीकडे घेतली होती, तेरा तारखेला. रेखा बापासोबत सत्तावीसला पुण्यात पोहोचली. दारावरच्या माणसाने सांगितलं, की सगळं होऊन गेलं, मुलीही घेऊन झाल्या.

मी म्हटलं, "सर, चूक कुणाकडूनही होते."

"चूक झाली, ते खरंय. ते मी सोसलं असतं मॅडम. पुढचं ऐका."

पुण्याहून आल्यावर बाप-लेक सरळ सरांच्या घरी आले होते. रेखाच्या हातात मेलची प्रिंट होती. सरांनी शब्दकोश काढला, अर्थ वाचला आणि त्यांना कळलं. रेखा समोर उभी होती. मारुतीराव चप्पल काढून उंबऱ्याजवळ बसलेले. काकूंनी पाणी आणलं. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. सरांनी शब्दकोश मिटला आणि म्हणाले, "तिकडच्यांनीच काहीतरी घोळ केलाय. आपल्या पोरींना असंच फसवतात."

हे सांगताना ते टेबलाकडे बघत होते. "एवढा मोठा मास्तर, अन् एवढासा शब्द चुकला म्हणायची लाज वाटली. बस, एवढंच कारण होतं. दुसरं काहीच नव्हतं."

त्याच उन्हाळ्यात रेखाचं लग्न झालं. सर लग्नाला गेले होते, जेवून आले होते. त्यानंतर त्यांनी न बघता कुणाला कुठल्याच शब्दाचा अर्थ सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी रेखा दाखला घेऊन आली. सरांनी तिला बाकावर बसवलं आणि मला म्हणाले, तुम्ही जाऊ नका. मी प्रवेशाचं रजिस्टर उघडं ठेवून बसून राहिले. सरांनी फार आडवळणं घेतली नाहीत. म्हणाले, त्या मेलचा अर्थ मी उलटा सांगितला होता, आणि तू घरी आलीस तेव्हा मला ते कळलं होतं.

रेखा शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "मला माहीत हाय, सर."

तिला ते लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं होतं. नवऱ्याने मोबाईल मागवला होता. डिलिव्हरी 'ब्रॉट फॉरवर्ड' केल्याचा मेसेज आला. तिने नवऱ्याला सांगितलं, आता उशिरा यायलंय तुमचं पार्सल. ते दुसऱ्याच दिवशी आलं. "तवा मी दारातच बसले," ती म्हणाली. "मेसेज परत परत वाचला. नवरा मोबाईल उघडून बघायलाय अन् मी रडायलेय. त्यांना काही कळंना."

"मग मला बोलली का न्हाईस?" सरांनी विचारलं.

"बोलून काय, सर? मुद्दाम थोडंच केलं होतं तुमी." तिने दाखल्याची घडी उघडून परत घातली. "पण ते 'फसवतात' म्हणाला, ते नको होतं. अण्णांनी तेच धरून ठेवलं. मनीषाला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तिनं अर्जाचं काढलं की अण्णा म्हणायचे, सरांनी सांगितलंय, तिकडं आपल्या पोरींना फसवतात. तिला फॉर्मच भरू दिला न्हाई."

धाकटी मनीषा आता मानवतला दिलेली होती, दोन मुलं होती. तिच्याबद्दल सरांना काहीच माहीत नव्हतं. अकरा वर्षं ते एका मुलीचं ओझं वाहत होते आणि त्या मुलीने समोर बसून दुसरीचं नाव सांगितलं. सरांचा चेहरा मी पाहिला नाही. माझ्याने पाहवला नाही. रेखाने मुलीचे दोन फोटो माझ्याकडे दिले, पावती घेतली आणि निघताना सरांच्या पाया पडली. मला त्याचाच जास्त त्रास झाला. सरांनाही झाला असावा.

पुढचे दोन दिवस ते ऑफिसात आले नाहीत. शनिवारी आले आणि म्हणाले, "उद्या देवगाव फाट्याला जायचंय. तुमी संगं चला. एकटा गेलो तर बसमधून उतरणारच न्हाई, तसाच पुढं जाईन."

रविवारी सकाळच्या बसने गेलो. मारुतीरावांचं दुकान रस्त्याच्या कडेला, पत्र्याचं, बाहेर जुन्या टायरांची चळत. ते ट्यूब पाण्याच्या टाकीत दाबून बुडबुडे शोधत होते. सरांना बघून उठायला लागले तर सरांनी थांबवलं. बाजल्यावर न बसता, उभ्यानेच, सगळं सांगितलं. मेलचा अर्थ, शब्दकोश, उंबऱ्याजवळचं ते वाक्य. एक ट्रॅक्टरवाला चाक घेऊन थांबला होता, त्यानेही ऐकलं. सरांनी आवाज कमी केला नाही.

मारुतीरावांनी ट्यूब पाण्यातून काढली, भोकावर खडूने खूण केली, घासली, ठिगळ लावलं. ते वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरलं. मग पाठमोरेच म्हणाले, "दुसऱ्या दिशी सांगितलं असतं तर धाकटी तरी गेली असती."

"हो," सर म्हणाले.

"मी तिला पट्ट्यानं मारलं होतं सर, त्या फॉर्मापायी. चोरून भरायली होती."

मारुतीरावांनी ट्यूब टायरमध्ये बसवली, ट्रॅक्टरवाल्याला दिली, मग बादलीत हात धुतले आणि समोरच्या टपरीला तीन चहा सांगितले. चहा आम्ही उभ्यानेच प्यालो. बस आली तेव्हा त्यांनी हात करून ती थांबवली. 'या परत' म्हणाले नाहीत, 'येऊ नका' असंही म्हणाले नाहीत.

परतताना सर खिडकीशी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. रस्त्यात एकदाच म्हणाले, "मला वाटलं होतं हलकं वाटंल." सेलूला उतरल्यावर पिशवी सावरत घराकडे गेले.

त्या वर्षी त्यांनी दहावीच्या वर्गाला ती गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण स्वतःचं काही झाकलंही नाही. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. शेवटी ते मुलांना म्हणाले, की अर्थ चुकला तर पुसून परत लिहिता येतो, पण चुकलं हे लपवायला जे बोलाल ते दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतं, आणि तिथून तुम्हाला ते काढता येत नाही. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, असलं पोरांना कशाला सांगता, शाळेचं नाव आहे. सरांनी ऐकून घेतलं. निवृत्त व्हायला तीन महिने राहिले होते.

निवृत्तीनंतर ते पोखर्णीला गेले. मधूनमधून फोन करायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे, काकूंच्या गुडघ्यांचं सांगायचे. मनीषाला भेटायला मानवतला जाऊन आले, एवढंच एकदा म्हणाले. ती काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गेल्या पौषात सकाळी अंघोळ करून पूजेला बसले आणि तिथेच गेले.

निरोप मिळाला तशी मी परभणीला रेल्वेने आणि तिथून पोखर्णीला बसने गेले. सर लिंगायत, त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. शेताच्या कडेला समाधीचा खड्डा खणला होता. सरांना बसवून आणलं होतं, कपाळावर ताजं भस्म, गळ्यात हार. शाळेतले चार-पाच जण होते, बाकी भाऊबंद. स्वामी मंत्र म्हणत होते. लोक एकेक करून पुढे होऊन बेलाचं पान आणि मूठभर माती टाकत होते.

रांगेच्या शेवटी मारुतीराव उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, नखांत टायरचा काळा रंग तसाच. देवगाव फाट्याहून पोखर्णी म्हणजे दोन गाड्या बदलून येणं. त्यांना कोणी कळवलं, मला माहीत नाही. त्यांची पाळी आली तेव्हा ते वाकले, ओंजळभर माती घेतली, ढेकळं बोटांनी फोडून बारीक केली आणि हळूच सोडली.

परतताना बांधावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, की एवढ्या लांब आलात.

"ते आले होते की माझ्याकडं," मारुतीराव म्हणाले आणि बसच्या रस्त्याला लागले.